जळणाचा खरा भाव: लाख किलोकॅलरीला किती रुपये?

इचलकरंजीत सायझिंग, म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या (उभ्या) सुताला खळ लावण्याचा कारखाना, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सूत, खळ आणि बीम येतात. माझं काम त्यांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतं. तिथे बॉयलर आहे. त्याच्या वाफेवर खळ शिजते आणि खळ लागलेलं ताण्याचं सूत वाफेच्या सिलिंडरवरून फिरत वाळतं. वाफ कमी पडली की सूत ओलं राहतं आणि पुढे लूमवर तुटत राहतं. म्हणून बॉयलर आणि त्यात जाणारं जळण या दोन्हींकडे माझं बारीक लक्ष असतं.

व्यापारी जळणाचा भाव टनावर सांगतो. ट्रक काट्यावर जातो, पावती निघते, पैसे दिले जातात. बॉयलरला मात्र टनाशी काही देणंघेणं नाही. त्याला लागते उष्णता, आणि एका टनात ती किती आहे हे पावतीवर कुठेच लिहिलेलं नसतं. लाकूड, ब्रिकेट (भुसा दाबून केलेल्या कांड्या), कोळसा, फर्नेस ऑइल (भट्टीचं जड तेल), गॅस, वीज, काहीही समोर आलं तरी त्याची उष्णता एका मापात आणून लाख किलोकॅलरीला किती रुपये पडतात हे कसं काढायचं, ते इथे सांगतो. गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही. सायझिंग, प्रोसेस हाऊस, बेकरी, गुऱ्हाळ, हॉटेलचं स्वयंपाकघर, सगळीकडे हीच रीत चालते.

आधी सगळं एका एककात आणा

एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला जी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. बॉयलरच्या कामात मला याच्याइतकं सोयीचं एकक दुसरं वाटत नाही, कारण आपण शेवटी पाणीच तापवत असतो. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायची आहे? २० गुणिले २५, म्हणजे ५०० किलोकॅलरी. हिशोब तोंडी होतो. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किलोकॅलरीही हीच.

पण प्रयोगशाळेचा अहवाल कधी मेगाज्यूलमध्ये येतो, गॅसचा भाव एमएमबीटीयूमध्ये आणि विजेचं बिल युनिटमध्ये. ज्यूल हे नाव इंग्लंडच्या जेम्स ज्यूलवरून आलं. १८४०च्या दशकात त्यानं खाली उतरणाऱ्या वजनाच्या जोरावर पाण्यात वल्ही फिरवली, पाणी किती तापतं ते मोजलं आणि ठराविक कामातून ठराविकच उष्णता निघते हे दाखवून दिलं. त्यामुळेच आज वीज, गॅस आणि लाकूड एका तराजूत घालता येतात. आमच्या शेडमध्ये पॅनेलशेजारी एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर एवढंच लिहिलंय:

१ किलोकॅलरी = ४.१८७ किलोज्यूल
१ मेगाज्यूल = २३९ किलोकॅलरी
१ युनिट वीज = ३.६ मेगाज्यूल = ८६० किलोकॅलरी
१ बीटीयू = ०.२५२ किलोकॅलरी
१ एमएमबीटीयू = २.५२ लाख किलोकॅलरी = सुमारे २९३ युनिट

बीटीयू हे जुनं इंग्रजी माप: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवण्याची उष्णता. एमएमबीटीयू वाचताना सावध राहा. यातला एम म्हणजे रोमन आकड्यांतला हजार. दोन एम म्हणजे हजार गुणिले हजार, दहा लाख. एकच एम असेल तर ते हजार बीटीयू. मेगावॉटच्या सवयीनं एका एमला दहा लाख धरलं की हिशोब हजारपट चुकतो.

एसीचा ‘टन’ही याच घराण्यातला. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्या वेगाला एक टन म्हणतात. तो येतो ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे ताशी ३,०२४ किलोकॅलरी. दीड टनाच्या एसीवर १८,००० लिहिलेलं दिसतं ते यामुळे.

जीसीव्ही सांगताय की एनसीव्ही?

जळणाचा उष्मांक, म्हणजे एका किलोतून निघणारी उष्णता, विचारली की व्यापारी एक आकडा फेकतो. त्यावर लगेच विचारा, जीसीव्ही की एनसीव्ही?

प्रयोगशाळेत साधारण एक ग्रॅम नमुना पोलादी भांड्यात, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये जाळतात. भांडं पाण्यात बुडवलेलं असतं. ते पाणी किती अंशांनी तापलं यावरून उष्णता काढतात. या उपकरणाला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात. भांडं बंद असल्यामुळे जळताना तयार झालेली वाफ आतच थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि स्वतःमधली उष्णता परत देते. ही सगळी उष्णता धरून येतो तो ढोबळ उष्मांक, जीसीव्ही.

आपल्या चिमणीत असं होत नाही. धूर दीडशे-दोनशे अंशांवर बाहेर पडतो आणि त्यातली वाफ वाफच राहून निघून जाते. ती उष्णता आपल्या हाती लागत नाही. ती वजा केली की उरतो निव्वळ उष्मांक, एनसीव्ही.

ही वाफ दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे जळणातला ओलावा. दुसरी जळणातल्या हायड्रोजनमधून. एक किलो हायड्रोजन जळला की नऊ किलो पाणी तयार होतं. अगदी कोरड्या दिसणाऱ्या गॅसमधूनही पाणी निघतं ते असं. दर किलो पाण्यामागे साधारण ५८५ किलोकॅलरी वजा करायच्या.

म्हणून दोन्ही आकड्यांतला फरक प्रत्येक जळणात वेगळा असतो. कोळशात तो थोडा, फर्नेस ऑइलमध्ये सहा टक्क्यांच्या आसपास, एलपीजीत आठेक टक्के, नैसर्गिक वायूत दहा टक्के. साखर कारखान्यातून निघालेल्या ओल्या बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) तो थेट वीस टक्क्यांवर जातो.

फरक पैशात किती होतो याचं एक मोठं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. देशी नैसर्गिक वायूचा दर पूर्वी एमएमबीटीयूला ४.२ डॉलर होता, तो एनसीव्हीवर. नोव्हेंबर २०१४ पासून ५.०५ डॉलर झाला, पण जीसीव्हीवर. जुन्या मापात पाहिलं तर तो ५.६ डॉलरच्या आसपास जातो. वाढ ८५ सेंटची दिसत होती, प्रत्यक्षात १ डॉलर ४० सेंटची होती.

बॉयलरच्या कार्यक्षमतेलाही, म्हणजे जळणातली किती टक्के उष्णता वाफेत उतरते त्यालाही, हेच लागू. आपल्याकडे ती बहुतेक जीसीव्हीवर सांगतात, युरोपात एनसीव्हीवर. परदेशी बॉयलरच्या पत्रकात नव्वदच्या पुढचा, क्वचित शंभराच्याही वरचा आकडा दिसला तर तो कशावर काढलाय ते आधी बघा. माझा नियम असा: उष्मांक जीसीव्ही घेतला तर कार्यक्षमताही जीसीव्हीवरचीच. एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड जोडू नका. पुढचे सगळे हिशोब मी जीसीव्हीवर करतो.

ओलावा: इथे सगळ्यात जास्त पैसे जातात

एककं, जीसीव्ही, एनसीव्ही हे एकदा समजलं की समजलं. ओलावा मात्र प्रत्येक ट्रकबरोबर बदलतो, आणि व्यापाऱ्याशी वाद होतो तो इथेच.

बगॅस घ्या. पूर्ण कोरड्या बगॅसचा जीसीव्ही साधारण ४,६०० किलोकॅलरी. साखर कारखान्याच्या शेवटच्या मिलमधून निघते तेव्हा तिच्यात जवळजवळ ५० टक्के पाणी असतं. म्हणजे किलोमागे २,३००. त्यातून आतलं पाणी आणि हायड्रोजनचं पाणी मिळून पाऊण किलोच्या वर वाफ करायला साडेचारशे किलोकॅलरी जातात. उरतात १,८५०. तीच बगॅस २० टक्के ओलाव्यापर्यंत वाळली तर किलोचा एनसीव्ही ३,३१० होतो.

इथे कुणी म्हणेल, वाळल्यावर वजनही घटलं, मग फायदा काय? हिशोब करून बघा. एक टन ओली बगॅस वाळून ६२५ किलो राहते. ६२५ गुणिले ३,३१० म्हणजे सुमारे २०.७ लाख किलोकॅलरी. ओली असताना होत्या १८.५ लाख. मधली सव्वादोन लाख उन्हानं फुकट दिली. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांवर चरकातून निघालेलं चिपाड आधी रानात पसरून वाळवतात आणि मगच चुलवाणात घालतात, त्यामागे हाच हिशोब आहे. शिवाय वाळलेलं चिपाड भडकून जळतं, काईल (रसाची मोठी कढई) लवकर उकळते आणि धूर कमी होतो. हा फायदा वरच्या आकड्यात आलेलाही नाही.

पावसाळ्यात माझ्या दारात ट्रक उभा राहतो आणि ड्रायव्हर सांगतो, “वाळल्यालीच लाकडं हायती की ओ, वरनं जरा पावसाचं थेंब पडल्यात.” असतीलही. मी त्याच्याशी वाद घालत नाही, नमुना घेतो.

नमुना घ्यायची रीत नीट पाळा, कारण चुकीच्या नमुन्यावरचा अचूक हिशोब निरुपयोगी असतो. ट्रकच्या वरच्या थरावरून कधीच घेऊ नका, तो वाऱ्याउन्हानं वाळलेला असतो. गाडी खाली होताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, वेगवेगळ्या जागांवरून थोडं थोडं काढा. लाकूड असेल तर ओंडक्याच्या मधून करवतीनं कापा आणि पडणारा भुसा घ्या. साल आणि टोकं लवकर वाळतात, गाभा ओला राहतो. ब्रिकेट किंवा कोळसा असेल तर फोडून त्याचा ढीग करा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू द्या. लगेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. पिशवी उघडी राहिली तर तासाभरात ओलावा बदलतो.

मग वजन करा, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा आणि मधूनमधून काढून पुन्हा वजन करा. वजन घटायचं थांबलं की संपलं. भुशाला काही तास पुरतात, तुकड्यांना रात्रभर लागते. ११० अंशांच्या वर जाऊ नका. लाकडातले उडून जाणारे पदार्थही निघू लागतात आणि तो ओलावा समजला जातो.

ओलावा टक्के = (ओलं वजन − कोरडं वजन) ÷ ओलं वजन × १००

भागायचं ते ओल्या वजनानं. हे मुद्दाम सांगतोय, कारण लाकडात दोन सुया टोचून ओलावा दाखवणारे मीटर बाजारात मिळतात आणि ते बहुधा कोरड्या वजनावरची टक्केवारी दाखवतात. सुतारकामात तीच पद्धत आहे. मीटरवर ५० दिसले तर आपल्या हिशोबातला ओलावा ३३ टक्के असतो. मीटरचा आकडा भागिले त्यात शंभर मिळवून आलेली संख्या, गुणिले शंभर, असं रूपांतर करायचं. मीटर वापरा, दारात पटकन अंदाज यायला तो चांगला आहे. पण पैसे ओव्हनच्या आकड्यावरच द्या.

कोळशाच्या अहवालात हाच खेळ अक्षरांनी होतो. एडीबी म्हणजे हवेत वाळवलेल्या नमुन्यावरचा उष्मांक, एआरबी म्हणजे माल जसा आला तसा. आयात कोळशाच्या अहवालात जीएआर लिहितात तेही ‘जसा आला तसा’ धरलेलं ढोबळ मूल्यच. समजा अहवालात एडीबीवर ५,५०० लिहिलंय, हवेत वाळवल्यावर उरलेला ओलावा १० टक्के आणि एकूण ओलावा २८ टक्के. तर तुमच्या अंगणात पडलेल्या कोळशाचा उष्मांक:

५,५०० × (१०० − २८) ÷ (१०० − १०) = ४,४००

अहवाल खोटा नव्हता. पण तुम्ही काट्यावर वजन केलं ते २८ टक्के पाण्यासकट, त्यामुळे तुमचा आकडा ४,४००च.

देशी कोळशासाठी एक आधार आहे. जानेवारी २०१२ पासून कोल इंडियाच्या कोळशाची प्रत जीसीव्हीवर ठरते. जी-१ सर्वांत वरची, ७,००० किलोकॅलरीच्या पुढची, आणि मग तीनशे-तीनशेच्या पायऱ्या जी-१७ पर्यंत. जी-११ म्हणजे ४,००१ ते ४,३००. चंद्रपूर, वणी, उमरेडकडचा वेस्टर्न कोलफील्ड्सचा कोळसाही याच पायऱ्यांवर विकला जातो. त्याआधीच्या ए ते जी या प्रती राख आणि ओलाव्यावरून सूत्रानं काढत. जुने लोक अजून ‘डी ग्रेड’, ‘ई ग्रेड’ म्हणतात; त्यांना आजची जी-पायरी विचारून घ्या.

राखेबद्दल थोडक्यात. राखेतून उष्णता मिळत नाही आणि ती उचलायला माणूस लागतो. भाताच्या तुसात १५ ते २० टक्के राख असते. भुशाच्या चांगल्या ब्रिकेटमध्ये ती फार कमी असायला हवी. ब्रिकेट जाळून राख जास्त आणि हाताला वाळूसारखी खरखरीत लागली, तर कच्च्या मालाबरोबर माती आलेली आहे. अशा मालाची राख वितळून तिचे घट्ट गोळे (क्लिंकर) होतात आणि भट्टीच्या जाळ्या चोंदतात.

ढोबळ आकडे, तोंडपाठ करण्यासारखे

नेमका आकडा तुमच्या मालाच्या तपासणीतूनच येणार. तोपर्यंत जीसीव्हीचे हे अंदाज धरा. एलपीजी किलोला ११,९००. डिझेल किलोला १०,८००. पण आपण ते लिटरनं घेतो, म्हणून घनतेनं गुणा, लिटरला सुमारे ९,००० येतात. फर्नेस ऑइल १०,५००. पाइपचा नैसर्गिक वायू घनमीटरला ९,४०० च्या आसपास. लोणारी कोळसा सात हजारांच्या जवळ. लाकूड पूर्ण कोरडं ४,५००, मग ओलाव्याप्रमाणे उतरत जातं. ब्रिकेट ३,८०० ते ४,२००. भाताचं तूस ३,२००.

एक गोष्ट यातून दिसते. बाभूळ, निलगिरी, आंबा यांवर लोक तासन्‌तास बोलतात, पण पूर्ण कोरडं केलं तर किलोमागची उष्णता सगळ्या लाकडांची जवळपास सारखीच असते. जड लाकूड ट्रकमध्ये जास्त मावतं आणि निखारा जास्त वेळ धरतं, हा त्याचा गुण खरा आहे. किलोवर घेत असाल तर मात्र झाडाच्या जातीआधी ओलावा बघा.

आता भाव काढा

लाख किलोकॅलरीचा भाव = किलोचा भाव ÷ किलोचा जीसीव्ही × १,००,०००

उदाहरणासाठी भाव गृहीत धरतो, तुम्ही तुमचे घाला. लाकूड ५ रुपये किलो, ओलावा ४० टक्के. जीसीव्ही ४,५०० चे ६० टक्के, म्हणजे २,७००. ब्रिकेट साडेसात रुपये किलो, जीसीव्ही ३,९००.

किलोवर पाहिलं तर लाकूड एक तृतीयांशानं स्वस्त. लाख किलोकॅलरीवर आणलं तर लाकूड १८५ रुपये, ब्रिकेट १९२ रुपये. अंतर जवळजवळ मिटलं, तरी लाकूड अजून पुढेच.

इथेच थांबू नका. ही उष्णता जळणातली आहे, वाफेतली नाही. ओल्या लाकडावर बॉयलर समजा ६० टक्के कार्यक्षमतेनं चालतो आणि ब्रिकेटवर ७० टक्के. मग वाफेत पोहोचलेल्या लाख किलोकॅलरीचा भाव लाकडाला ३०९ रुपये आणि ब्रिकेटला २७५ रुपये. किलोनं महाग असलेलं जळण वाफेवर स्वस्त निघालं.

हे उदाहरण ब्रिकेटची भलामण करायला दिलेलं नाही. उन्हाळ्यात २० टक्क्यांपर्यंत वाळलेलं लाकूड याच भावात मिळालं तर निकाल उलटतो. म्हणून मी वर्षभराचा एकच निर्णय घेत नाही. मार्च ते मे लाकूड साठवतो, पत्र्याखाली, जमिनीपासून वर उचलून रचतो, आणि पाऊस सुरू झाला की ताज्या गाड्यांचा भाव नव्यानं काढतो. ब्रिकेटलाही छप्पर हवंच; पाणी लागलं की तिचा भुगा होतो.

तुमच्या बॉयलरची कार्यक्षमता तुम्हीच मोजा

वरच्या हिशोबातले ६० आणि ७० कुठून आणायचे? पत्रकातून नकोत, तुमच्या शेडमधून. त्याला दोनच गोष्टी लागतात: फीड पंपाच्या (बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाच्या) लाइनवर पाण्याचं मीटर आणि जळण तोलायला काटा.

पाळी सुरू होताना गेज ग्लासमधली पाण्याची पातळी आणि वाफेचा दाब लिहून ठेवा. संपतानाही दोन्ही तिथेच आणा. मधल्या वेळेत किती पाणी आत गेलं आणि किती जळण टाकलं, ते मोजा. ब्लोडाउन दिलं असेल, म्हणजे बॉयलरमधलं क्षारांचं पाणी बाहेर सोडलं असेल, तर ते पाणी वजा करा. बॉयलरमध्ये जळण टाकणाऱ्या फायरमनला आधी विश्वासात घ्या. आमच्याकडच्या मामांना मी स्पष्ट सांगितलं होतं, “मामा, ही परीक्षा तुमची नाही, जळणाची आहे.” त्यानंतर प्रत्येक पाटी ते स्वतःहून तोलू लागले आणि कुठली गाडी कशी जळते हे अहवाल यायच्या आधीच मला सांगू लागले.

आमच्यासारख्या दाबावर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सात किलोच्या आसपास, एक किलो वाफेत एकूण ६६० किलोकॅलरी असतात. पाणी ३० अंशांवर आत जात असेल तर त्यातल्या ३० आधीच आहेत. बॉयलरनं घालायच्या ६३०. आता समजा आठ तासांत ११,००० लिटर पाणी गेलं आणि २,६०० किलो ब्रिकेट लागल्या. किलो ब्रिकेटमागे ४.२३ किलो वाफ. गुणिले ६३०, भागिले ३,९००. कार्यक्षमता ६८ टक्के.

हा ४.२३ चा आकडा रोज फळ्यावर लिहा. तो घसरला की काहीतरी बिघडलंय: जळण ओलं आलं, नळ्यांवर काजळी बसली, दार उघडं राहतं किंवा हवा जास्त सोडली जाते. महिन्याच्या बिलाची वाट बघावी लागत नाही.

यात पाण्याच्या तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. फीडचं पाणी ३० ऐवजी ८० अंशांवर गेलं तर किलो वाफेला ६३० च्या जागी ५८० किलोकॅलरी लागतात. सहा अंश वाढवले की जळणात साधारण एक टक्का बचत. सायझिंगमध्ये हे सहज जमतं. सूत वाळवणाऱ्या सिलिंडरमधून ट्रॅपवाटे (वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपेतून) निघणारं पाणी गरम आणि स्वच्छ असतं. ते टाकीत परत आणा आणि पाइपला लॅगिंग (उष्णता रोखणारं वेष्टन) करा. खळ शिजवायला थेट सोडलेली वाफ खळीतच जाते, ती परत मिळत नाही. पण सिलिंडरचं पाणी गटारात सोडणं म्हणजे विकत घेतलेल्या किलोकॅलरी गटारात सोडणं.

घरात हाच हिशोब

घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. जीसीव्हीनं १.६९ लाख किलोकॅलरी. शेगडीची ज्योत भांड्याच्या बाजूनं बरीच वाया जाते. जीसीव्हीवर साठ टक्के भांड्यात उतरले असं धरलं, तर एका सिलिंडरमधून सुमारे एक लाख किलोकॅलरी अन्नाला मिळतात. इंडक्शनवर ८४ टक्के धरले तर एका युनिटमधून ७२० किलोकॅलरी. म्हणजे एक सिलिंडर साधारण १४० युनिटांच्या बरोबरीचा.

सिलिंडरच्या भावाला १४० नं भागा. ९०० रुपयांचा सिलिंडर असेल तर उत्तर येतं ६ रुपये ४० पैसे. तुमचं जास्तीचं युनिट याहून स्वस्त पडत असेल तर इंडक्शन परवडतं, नाहीतर गॅस. युनिटचा दर बघताना बिलाची सरासरी घेऊ नका. घरगुती विजेचे दर वापराच्या टप्प्यांनी चढतात, आणि इंडक्शनचं युनिट बिलात सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतं. तोच दर धरा. छतावर सोलर असेल तर चित्र वेगळं होतं. पाइपचा गॅस असेल तर १८ घनमीटर म्हणजे एक सिलिंडर, एवढं लक्षात ठेवा.

अंघोळीची ती ५०० किलोकॅलरीची बादली विजेवर ०.५८ युनिट घेते, गॅस गीझरवर साठेक ग्रॅम गॅस. अंगणात तांब्याचा बंब असेल आणि शेतातला वाळलेला पालापाचोळा, तुराट्या घरच्याच असतील, तर किलोकॅलरीचा भाव शून्य. मेहनत तेवढी तुमची.

व्यापाऱ्याशी बोलताना

टनाचा भाव ठरवा, पण त्याला ओलाव्याची अट जोडा. आम्ही ब्रिकेटसाठी १० टक्के मूळ ओलावा धरतो. माल त्याहून ओला आला तर पैसे देण्याचं वजन असं:

काट्याचं वजन × (१०० − आलेला ओलावा) ÷ (१०० − १०)

दहा टनांची गाडी १६ टक्क्यांनी आली तर पैसे ९.३३ टनांचे. माल १० च्या खाली आला तर याच सूत्रानं व्यापाऱ्याला जास्त पैसे द्यायचे. ही दुसरी बाजू तुम्ही स्वतःहून मांडली की तो सही करतो आणि छपराखाली माल ठेवू लागतो. सहा महिन्यांतून एकदा, किंवा कच्चा माल बदलल्याचं जाणवलं की, जीसीव्ही आणि राखेची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. अहवाल ‘जसा आला तसा’ या आधारावरच मागा आणि एकूण ओलावा त्यात लिहिलेला असू द्या.

नमुन्याच्या तीन पिशव्या भरा, तिन्हींवर गाडीचा नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या. एक तुमची, एक व्यापाऱ्याची, तिसरी सीलबंद करून कपाटात. गाडीचं बिल चुकतं होईपर्यंत ती उघडू नका.